घड्याळ आधी, चित्र नंतर

जुन्या पीसीवरचे रेसिंग गेम आजच्या संगणकावर चालवायला घेतले की तक्रारी ठरलेल्या असतात. आवाजात खरखर येते, गाडी अडखळते किंवा सुसाट सुटते, रंग बिघडतात, चाकं लंबगोल दिसतात, संगीत मुळीच वाजत नाही. त्यावरचे उपायही ठरलेले असतात : हा आकडा वाढवा, तो कमी करा, रॅपर बदला, पुन्हा चालवून पाहा. अशा खटपटीतून गेम बहुधा चालू होतो. माझं म्हणणं असं आहे, की रेसिंग गेम नुसता चालू झाला म्हणजे दुरुस्त झाला असं नाही. शर्यत वेळेशी असते, म्हणून दुरुस्तीची सुरुवात गेमच्या घड्याळापासून व्हायला हवी. आवाज त्यानंतर आणि चित्र सगळ्यात शेवटी. हे न मानणारी बाजू मुळीच कच्ची नाही. ज्याला चार घटका खेळायचं आहे आणि ज्याला जुन्या यंत्राच्या गुणदोषांचा अभ्यास करायचा नाही, अशा माणसाची ती बाजू आहे. म्हणून हा विषय दोन आवाजांत मांडतो. खेळणाऱ्याचे आक्षेप मला जितके जोरकस करता आले तितके केले आहेत. जुने गेम जपणाऱ्याची उत्तरं माझी आहेत.

खेळणारा : आधी एक मूलभूत शंका. तुम्ही जपायचं म्हणता ते नेमकं काय? कन्सोल एका साच्यातून निघतो. एकाच्या घरातला आणि दुसऱ्याच्या घरातला सारखाच. पीसी तसा कधीच नव्हता. १९९६ साली कुणाकडे ४८६ होता, कुणाकडे पेंटियम. कुणाकडे साउंड ब्लास्टर, कुणाकडे नुसता पीसी स्पीकर. आपल्याकडेच बघा ना. नव्वदीच्या अखेरीला आणि त्यानंतर काही वर्षं महाराष्ट्रातल्या सायबर कॅफेंत पोरं ‘रोड रॅश’ आणि ‘नीड फॉर स्पीड २ एसई’ खेळत होती. थ्रीडीएफएक्सचं वूडू हे थ्रीडी ग्राफिक्स कार्ड म्हणजे तेव्हा चैनीची वस्तू होती, त्यामुळे बहुतेकांनी ‘नीड फॉर स्पीड २ एसई’ कार्डाविना, सॉफ्टवेअर मोडमध्येच पाहिला. परदेशात वूडू कार्ड असलेल्यांनी त्याच गेमचं वेगळंच रूप पाहिलं. मग मूळ कोणतं? मूळ एक नसेल तर मी माझ्या संगणकाला झेपेल तितका वेग, झेपेल तितकं रिझॉल्यूशन लावतो आणि खेळतो. यात बिघडलं काय?

जपणारा : यंत्र एक नव्हतं, हे शंभर टक्के मान्य. पण त्या वेगवेगळ्या यंत्रांवर गेम लिहिणाऱ्यानं एक गोष्ट समान धरली होती, ती म्हणजे सेकंद. अगदी सुरुवातीच्या काळात तीही धरलेली नव्हती. आयबीएम पीसीचा प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्झचा, म्हणून कित्येक प्रोग्राम त्याच वेगावर विसंबून लिहिले गेले. वेगवान यंत्रं आली आणि ते प्रोग्राम पळत सुटले. संगणकावर टर्बो बटण असायचं ते याच अडचणीवरचा तोडगा म्हणून. पुढे गेमलेखकांनी पीसीतल्या टायमर चिपचा आधार घेतला. तिची मूळ कंपनसंख्या सेकंदाला सुमारे ११ लाख ९३ हजार, आणि ती प्रोसेसर कितीही वेगवान असला तरी तीच. ‘स्टंट्स’ हा १९९०चा गेम पाहा. तो गाडीचं गणित सेकंदाला २० पावलांत पुढे नेतो, म्हणून त्यातल्या निकालांच्या वेळा ०.०५ सेकंदाच्या पटीत येतात. प्रोसेसर दुबळा असेल तर चित्र कमी वेळा काढलं जाईल, पण गाडीचं गणित सेकंदाच्याच हिशोबानं चालेल. मूळ एक नव्हतं हे खरं असलं तरी मोजपट्टी एक होती, आणि ती गेमच्या आतच आहे. मला ती मोजपट्टी जपायची आहे. तुमच्या मॉनिटरशी माझं काही भांडण नाही.

खेळणारा : मग प्रत्यक्षातल्या बिघाडावर बोलू. जुन्या डॉस पीसीची नक्कल करणाऱ्या डॉसबॉक्स या एमुलेटरमध्ये गेम सुरू केला आणि इंजिनाचा आवाज फुटायला लागला. साधा माणूस काय करेल? सायकल्सचा आकडा वाढवेल. यंत्राला अजून जोर दिला की आवाज सुधारेल, हे सरळ आहे. ‘मॅक्स’ लिहून टाकलं की विषय संपला.

जपणारा : इथेच बहुतेकांची गाडी चुकीच्या वळणाला लागते. सायकल्स म्हणजे डॉसबॉक्सच्या आतला काल्पनिक प्रोसेसर एका मिलिसेकंदात किती सूचना पार पाडणार, तो आकडा. ३,००० लिहिलं तर दर मिलिसेकंदाला ३,००० सूचना. मूळ डॉसबॉक्सची ठेवण अशी आहे, की प्रोसेसरच्या जुन्या रिअल मोडमधल्या गेमला तो आपणहून ३,००० सायकल्स देतो आणि नंतरच्या प्रोटेक्टेड मोडमध्ये शिरणाऱ्या गेमला झेपेल तेवढ्या सगळ्या. म्हणून ‘स्टंट्स’ एकीकडे अडखळतो आणि नंतरचा एखादा गेम दुसरीकडे अख्खा संगणक खाऊन टाकतो, जरी दोन्हीकडे सेटिंग तेच असलं तरी. आता आवाजाचं बघू. साउंड ब्लास्टर कार्ड स्मृतीतल्या एका छोट्या पट्ट्यातून आवाज उचलतं. पट्ट्याचा अर्धा भाग वाजत असताना गेमनं दुसरा अर्धा भरून ठेवायचा, असा करार असतो. सायकल्स कमी पडल्या तर गेमला भरायला वेळ पुरत नाही आणि कार्ड शिळा तुकडाच पुन्हा वाजवतं. इंजिनाचा एकच हुंकार तुटक तुटक परत ऐकू येतो, तो हा दोष. त्यावर सायकल्स वाढवणं हाच उपाय, तिथे तुमचं बरोबर आहे. पण सायकल्स अती झाल्या तर वेगळंच घडतं. काल्पनिक यंत्राचा एक मिलिसेकंद पुरा करायला तुमच्या खऱ्या संगणकाला एक मिलिसेकंदाहून जास्त वेळ लागतो. आतलं जग मागे पडतं, बाहेरच्या स्पीकरला मात्र थांबता येत नाही. त्याला द्यायला आवाजच तयार नसतो, आणि बारीक कडकड सुरू होते. इथे आकडा वाढवणं म्हणजे दुखणं वाढवणं.

खेळणारा : दोन्ही वेळी आवाज फुटतोच. ऐकून कसं ओळखायचं की हे पहिलं दुखणं की दुसरं?

जपणारा : संगीताकडे कान द्या. त्या काळातल्या पुष्कळ गेममध्ये इंजिनाचा आवाज नमुन्यांच्या पट्ट्यातून येतो आणि संगीत यामाहाच्या ओपीएल चिपमधून. ती चिप सूर स्वतः तयार करते. गेमनं फक्त कोणता सूर कधी लावायचा ते सांगायचं. इंजिन तुटतंय पण संगीताचा सूर स्वच्छ आहे, फार तर लय जरा ढिली पडलीय, असं असेल तर दोष आतल्या यंत्रात, म्हणजे सायकल्स कमी. इंजिन आणि संगीत दोन्ही एकाच क्षणी कडकडत असतील तर एमुलेटरचा सगळा मिश्र आवाजच बाहेर पोचत नाहीये, म्हणजे दोष बाहेर. तेव्हा सायकल्स कमी करायच्या, लॅपटॉप वीज वाचवण्याच्या मोडमध्ये असेल तर तो मोड काढायचा, मागे चालणारे जड प्रोग्राम बंद करायचे. आणि ‘मॅक्स’ऐवजी ठरावीक आकडा लिहायचा, कारण मॅक्स म्हणजे तुमच्या संगणकावरच्या दर क्षणाच्या भाराप्रमाणे बदलत राहणारा प्रोसेसर. अशा डळमळत्या जमिनीवर कोणताच दोष नीट तपासता येत नाही.

खेळणारा : एवढं कशाला? मिक्सरमध्ये प्रीबफरचा आकडा असतो. तो वाढवला की आवाजाचा साठा आधीच तयार राहतो, कडकड थांबते. मी २०० मिलिसेकंद लिहिलं, आवाज एकदम स्वच्छ. तुमचं सगळं निदान बाजूला राहिलं.

जपणारा : आवाज स्वच्छ झाला आणि उशिराही झाला. कथा सांगणाऱ्या गेममध्ये याचा कुणाला त्रास होणार नाही. रेसिंगमध्ये इंजिनाचा आवाज हे उपकरण आहे. गिअर कधी टाकायचा ते खेळणारा डायलकडे न बघता कानानं ठरवतो. गाडी ताशी २०० किलोमीटरनं चालली असेल तर ती सेकंदाला साडेपंचावन्न मीटर जाते. २०० मिलिसेकंदांत अकरा मीटर. म्हणजे इंजिन किंचाळल्याचं तुम्हाला कळलं तेव्हा गाडी अकरा मीटर पुढे निघून गेली होती. ब्लूटूथ हेडफोन लावले तर त्यांचा स्वतःचा विलंब यावर आणखी चढतो. मग खेळणारा म्हणतो, ‘हा गेम जडच आहे, पूर्वीसारखी मजा नाही.’ गेम जड नाही, त्याचा आवाज मागून येतोय. प्रीबफर थोडा वाढवायला माझी हरकत नाही, पण कारण दूर केल्यावर उरलेली खरखर झाकण्यापुरताच.

खेळणारा : आवाजाचं पटलं. पण ‘घड्याळ आधी’ हा तुमचा मोठा दावा अजून सिद्ध झालेला नाही. आवाज स्वच्छ आहे, उशीर नाही, चित्र सुरळीत आहे. अशा वेळी घड्याळ चुकलेलं असूच कसं शकतं? चुकलं असतं तर दिसलं असतं.

जपणारा : दिसत नाही, हीच तर अडचण आहे, आणि त्याचा सगळ्यात स्पष्ट पुरावा जेफ क्रॅमंड यांच्या ‘ग्रां प्री २’मध्ये आहे. मायक्रोप्रोजनं १९९६ साली काढलेला हा फॉर्म्युला वनचा गेम. बहुतेक गेम यंत्र कमी पडलं की फ्रेम गाळतात. चित्र धक्के खातं, पण वेळ खरी राहते. ‘ग्रां प्री २’ उलटं करतो. तुम्ही सेकंदाला किती फ्रेम हव्यात ते ठरवायचं, आणि तो प्रत्येक फ्रेम काढणारच. यंत्राला ते झेपलं नाही तर तो फ्रेम सोडत नाही, स्वतःचा काळ ताणतो. खेळताना ‘ओ’ ही कळ दाबली की प्रोसेसरवर किती टक्के भार आहे तो आकडा पडद्यावर येतो. आकडा शंभरच्या आत असेल तर गेमचा सेकंद आणि भिंतीवरचा सेकंद एकच. आकडा १२५ झाला तर गेमनं ८० सेकंदांची दाखवलेली फेरी तुम्ही खऱ्या १०० सेकंदांत मारलेली असते. चित्र नितळ असतं, कुठे धक्का नाही, कुठे फाटलेली रेघ नाही. फक्त प्रत्येक वळणावर तुम्हाला एक चतुर्थांश वेळ जास्त मिळालेला असतो. ब्रेक कुठे मारायचा याचा विचार करायला उसंत मिळते, गाडी सोपी वाटते, आणि तुमची फेरी तुमच्या कुवतीपेक्षा चांगली निघते. इथे नितळ चित्र हा घड्याळ बिघडल्याचा पुरावा होऊ शकतो.

खेळणारा : हे उदाहरण माझ्याच बाजूनं बोलतंय! १९९६च्या पेंटियमला एसव्हीजीएमध्ये सगळे तपशील लावून हा गेम झेपत नव्हता. म्हणजे त्या काळच्या असंख्य लोकांनी तो संथ गतीतच खेळला. मूळ अनुभव संथच होता. मग मी तसाच खेळलो तर तुमच्या निकषानं तो अधिक अस्सल नाही का?

जपणारा : हा आक्षेप वजनदार आहे. त्याचं उत्तर त्या ‘ओ’ कळीतच मिळतं. यंत्र कमी पडल्याचं सांगणारा आकडा गेमलेखकानंच गेममध्ये ठेवला, शंभर ही मर्यादा त्यानंच आखली, आणि तपशील एकेक करून कमी करायची सोय त्यानंच दिली. म्हणजे संथ गती हा त्याच्या लेखी अनुभवाचा भाग नव्हता. ती खेळणाऱ्याला कळवायची आणि त्यानं सुधारायची गोष्ट होती. त्या काळी अनेकांनी सुधारली नाही, हे खरं. पण छापलेल्या नकाशाची मोजपट्टी पुष्कळांनी वाचली नाही म्हणून ती खोटी ठरत नाही. आणि एमुलेटरमध्ये या आकड्याला एक नवी मर्यादा येते. तो आकडा आतल्या, काल्पनिक प्रोसेसरबद्दल बोलतो. सायकल्स अती लावल्या आणि तुमचा खरा संगणक मागे पडला, तर आत भार ७० टक्के दिसेल आणि बाहेर तरीही वेळ ताणलेली असेल, कारण आतल्या जगाला बाहेरच्या घड्याळाचा पत्ताच नसतो. म्हणून दोन मोजमापं घ्यावी लागतात. आत ‘ओ’ दाबून आकडा पाहायचा, आणि बाहेर फोनवरचं स्टॉपवॉच लावून गेमची एक फेरी मोजायची. आतला आकडा शंभराच्या वर असेल तर सायकल्स वाढवा किंवा तपशील कमी करा. आतला आकडा ठीक आणि स्टॉपवॉच जास्त दाखवतंय, तर सायकल्स कमी करा. ही चाचणी ज्या गेममध्ये असा आकडा नाही तिथेही निम्मी लागू पडते, कारण शर्यतीचं घड्याळ प्रत्येक रेसिंग गेममध्ये असतंच.

खेळणारा : ठीक, घड्याळ लावून घेतलं. आता चित्राकडे या, कारण तिथे तुमची माणसं सगळ्यात हट्टी असतात. मला पूर्ण पडदाभर गेम हवा. डॉसचं चित्र ३२० बाय २०० ठिपक्यांचं. माझा लॅपटॉप सोळाला दहा या प्रमाणाचा आहे. ३२० भागिले २०० म्हणजेही सोळाला दहाच. तंतोतंत बसतं. तरी म्हणतात ते चूक आहे.

जपणारा : बसतं, पण ते चित्र त्या प्रमाणात काढलेलंच नव्हतं. त्या काळचा मॉनिटर चाराला तीन. त्या काचेवर ३२० बाय २००चं चित्र ताणून पूर्ण पडदा भरत असे, म्हणजे प्रत्येक ठिपका रुंदीपेक्षा एकपंचमांश उंच. चित्रकारानं स्टिअरिंग व्हील काढताना त्याच काचेकडे बघून ते गोल केलं. तुम्ही ठिपके चौकोनी केलेत की ते चाक आडवं पसरतं, गाडी बसकी होते. म्हणून प्रमाण दुरुस्त करण्याचं सेटिंग चालू ठेवायचं. डॉसबॉक्स स्टेजिंग ही नवी आवृत्ती ते आपणहून करते आणि वर जुन्या काचेचा भासही देते. रांगांचा भास हवा की नको, ठिपके कडक हवेत की मऊ, हा मात्र तुमच्या आवडीचा प्रश्न, त्यात मी पडणार नाही. व्हीजीए सेकंदाला ७० वेळा पडदा ताजा करायचा, आजचा साधा मॉनिटर ६० वेळा करतो, त्यामुळे सरकणाऱ्या दृश्याला अधूनमधून हिसका बसतो. पण जे गेम मुळात सेकंदाला वीसेकच चित्रं काढायचे त्यांत हा हिसका शोधावा लागेल. त्यावर रात्र घालवू नका.

खेळणारा : आणि थ्रीडी गेम? ‘नीड फॉर स्पीड २ एसई’ मी वूडूच्या मोडमध्ये रॅपर लावून मोठ्या रिझॉल्यूशनला चालवतो. त्याचं मूळ ६४० बाय ४८०. माझं चित्र मूळच्यापेक्षा कितीतरी सुंदर आहे. यालाही तुम्ही खोटं म्हणणार?

जपणारा : नाही म्हणणार. इथे माझी बाजू सैल होते आणि ती व्हायलाच हवी. वूडू कार्ड १९९६ साली आलं. त्याच्याशी बोलायची ग्लाइड नावाची स्वतंत्र भाषा होती. थ्रीडीएफएक्स कंपनी बुडाली, तिची मालमत्ता एनव्हिडियानं विकत घेतली, आणि ग्लाइड समजणारं नवं कार्ड बाजारात उरलं नाही. एनग्लाइड किंवा डीजीवूडू हे रॅपर मधे बसून गेमचं ग्लाइडमधलं बोलणं आजच्या कार्डाला समजेल असं करून देतात. गेमचं घड्याळ या व्यवहाराच्या अलीकडेच राहतं. त्रिकोण काढायचे ते ६४० रुंदीत काढले की ३,८४० रुंदीत, गाडीच्या गणिताला त्याचा पत्ता लागत नाही. म्हणून रिझॉल्यूशन खुशाल वाढवा. फक्त त्यातून निघणारे दोष ओळखून असा. चित्र काळवंडलेलं वाटलं तर ते बहुधा गॅमाचं काम आहे. वूडूचा ड्रायव्हर उजळपणा स्वतः वाढवत असे, रॅपरमध्ये तो आकडा आपण लावायचा. वेगाच्या डायलवर किंवा नकाशावर बारीक रेघा दिसल्या तर ते लहान तुकडे जोडून केलेलं चित्र आहे. मोठं करताना तुकड्यांच्या कडा शेजारचा रंग ओढून घेतात आणि सांधे उघडे पडतात. मूळ रिझॉल्यूशनला किंवा त्याच्या पूर्ण पटीत चालवून पाहा. रेघा गेल्या तर गेमची फाइल बिघडलेली नाही एवढं नक्की कळतं.

खेळणारा : मग ८६बॉक्स वापरणारे जे अख्खं यंत्रच उभं करतात, मदरबोर्डपासून वूडूपर्यंत, त्यांचं चित्र माझ्यापेक्षा वाईट का दिसतं? आकाशात नुसते ठिपकेच ठिपके.

जपणारा : तो ठिपक्यांचा मुद्दा जरा थांबून बघण्यासारखा आहे. वूडू आतमध्ये रंगाचं गणित बारकाईनं करायचं, पण साठवताना १६ बिटांतच साठवायचं. रंगांच्या पायऱ्या उघड दिसू नयेत म्हणून ते दोन रंगांचे ठिपके विणून मधला रंग भासवायचं. आणि शेवटी, चित्र मॉनिटरकडे पाठवताना, शेजारच्या ठिपक्यांना एकमेकांत मिसळणारी गाळणी लागायची. म्हणजे कार्डाच्या स्मृतीत ठिपके होते, काचेवर ते बऱ्याच अंशी विरलेले असत. त्या काळचे स्क्रीनशॉट स्मृतीतून घेतलेले, म्हणून त्यांत ठिपके दिसतात. कार्ड लावून खेळणाऱ्यानं तसं चित्र पाहिलंच नव्हतं. ८६बॉक्समध्ये या गाळणीसाठी वेगळं सेटिंग आहे. ते बंद असेल तर तुम्ही कार्डाच्या पोटात बघताय, आणि तुमचं रॅपरमधलं गुळगुळीत आकाश हे पूर्ण रंगात नव्यानं काढलेलं आहे. दोन्हींपैकी कोणतंही १९९७च्या काचेवरचं नाही. अभ्यास करणाऱ्यानं ते सेटिंग चालू करावं. खेळणाऱ्यानं रॅपर वापरावं. ८६बॉक्सला मूळ यंत्राची बायॉस लागते आणि पेंटियम पूर्ण वेगानं उभा करायला आजचाही चांगला प्रोसेसर लागतो, म्हणून ते प्रत्येकाच्या कामाचं नाही.

खेळणारा : तुम्ही एवढं मान्य करता आहात तर फ्रेमही वाढवू द्या ना. ‘ग्रां प्री लेजंड्स’ १९९८चा, १९६७च्या मोसमावरचा. तो सेकंदाला ३६ फ्रेमवर अडकलेला आहे. माझा मॉनिटर १४४ दाखवू शकतो.

जपणारा : तिथे तुम्ही पुन्हा घड्याळाच्या बाजूला आलात. ३६चा आकडा ग्राफिक्स कार्डाची अडचण म्हणून आलेला नाही. तो गेमच्या आतल्या वेळापत्रकाचा भाग आहे. रॅपरच्या किंवा ड्रायव्हरच्या सेटिंगनं तो सुटत नाही, आणि बाहेरून जबरदस्ती केली तर नवेच दोष पदरात पडतात. हौशी अभ्यासकांनी पुढे या गेमची मुख्य फाइल समजून घेऊन ६० फ्रेमचा पॅच केला. तो वापरायला मला काहीच अडचण वाटत नाही, उलट आदर वाटतो, कारण त्यांनी आधी आतलं घड्याळ वाचलं आणि मग चित्राची गती वाढवली. रुंद पडद्याचंही तसंच. गेम कॅमेऱ्याच्या बाहेरच्या वस्तू काढत नाही, आणि ‘बाहेर’ म्हणजे काय ते चाराला तीन धरून ठरलेलं असतं. तुम्ही नुसतं दृश्य रुंद केलं की कडेची झाडं आणि खांब अचानक उगवतात आणि नाहीसे होतात. मग लोक त्याला एमुलेटरचा दोष म्हणतात.

खेळणारा : एक साधी गोष्ट राहिली. आवाज मुळीच नाही, किंवा इंजिन आहे पण संगीत नाही, असं झालं तर? त्यातही तत्त्वज्ञान आहे का?

जपणारा : त्यात नाही, तिथे फक्त शोधाशोध आहे. आवाज फुटणं आणि आवाज नसणं ही दोन वेगळी दुखणी. दुसऱ्याचा सायकल्सशी संबंध नाही. डॉसबॉक्समधलं साउंड ब्लास्टर आपणहून पत्ता २२०, आयआरक्यू ७ आणि डीएमए १ वर बसलेलं असतं. गेमच्या सेटअपमध्ये आयआरक्यू ५ लिहिलेला असेल तर दोघांची गाठच पडत नाही. संगीत नसेल तर सीडीची नक्कल तपासा. पुष्कळ गेमचं संगीत सीडीवर साध्या ऑडिओ ट्रॅकच्या रूपात होतं, आणि आयएसओ फाइलमध्ये ते ट्रॅक उतरतच नाहीत. बिन आणि क्यू अशी जोडी असलेली नक्कल लागते, आणि डॉसबॉक्सला क्यू फाइल द्यावी लागते. विंडोजवरच्या गेमचं थोडं निराळं : व्हिस्टापासून डायरेक्टसाउंडला हार्डवेअरचा आधार उरला नाही, म्हणून त्रिमितीय आवाजाचे पर्याय मेनूत मंद पडतात, त्यासाठीही रॅपर आहेत. आणि ६४ बिटांच्या विंडोजवर १६ बिटांचा सेटअप सुरूच होत नाही, मग गेम स्वतः ३२ बिटांचा का असेना.

खेळणारा : शेवटचा आक्षेप. तुम्ही गेमच्या आतलं सगळं पवित्र मानता. पण ‘स्टंट्स’मध्ये गेमच्याच चुका आहेत. काही गाड्या एखाद्या उडीनंतर कमाल वेगाला चिकटतात आणि तो वेग टिकून राहतो. हा ग्लिचच ना? दुरुस्ती करायचीच तर हाही दुरुस्त करा.

जपणारा : तो दोष एमुलेटरचा नाही, चित्राचाही नाही, तो त्या गेमचा भौतिक नियम होऊन बसला आहे. ‘स्टंट्स’च्या स्पर्धा आजही चालतात, बहुतेक डॉसबॉक्सवरच, आणि तो चिकटलेला वेग कुठे मिळवायचा हे स्पर्धकांचं अर्धं कौशल्य आहे. त्या गेमची रीप्ले फाइल गाडी कुठे होती ते साठवत नाही. सेकंदाच्या दर विसाव्या भागाला कोणती कळ दाबलेली होती तेवढंच साठवते. रीप्ले पाहताना गेम त्या कळींवरून सगळी शर्यत नव्यानं करतो. भौतिक नियमात केसाइतका बदल केला तर आजवरच्या रीप्लेमधल्या गाड्या पहिल्याच वळणावर रस्ता सोडतील. म्हणून त्याला हात लावायचा नाही. पण याच रचनेतून माझ्या म्हणण्याला सगळ्यात मोठा आधार मिळतो. रीप्ले पावलं मोजतो, भिंतीवरचे सेकंद मोजत नाही. कुणी एमुलेटर निम्म्या वेगानं चालवून निवांत फेरी मारली, तर तिची रीप्ले फाइल पूर्ण वेगानं मारलेल्या फेरीसारखीच दिसेल. चित्रात काही सापडणार नाही, आवाज तर फाइलमध्ये नसतोच. ती फेरी खरी होती की नाही हे ज्याच्या हातात तेव्हा स्टॉपवॉच होतं त्यालाच ठाऊक.

खेळणारा : म्हणजे माझी फेरी मलाच मोजायची आहे.

जपणारा : हो. आणि डॉसबॉक्सची सेटिंगं ज्यात असतात ती कॉन्फ फाइल प्रत्येक गेमसाठी वेगळी ठेवा, त्यात ठरलेल्या सायकल्स लिहा, एका वेळी एकच आकडा बदला. बाकी रंग, रेघा, रिझॉल्यूशन तुम्हाला आवडतील तसे.